क्लिअर आईस मोल्ड घेतला, बर्फ काचेसारखा झाला आणि चव बांगड्याची आली

तीन स्टार देतेय. पाचातले दोन कापलेत, त्यातला एक आमच्याच फ्रीझरमधल्या सुक्या बांगड्यांनी खाल्ला, त्यात बनवणाऱ्याची काही चूक नाही, दुसरा मात्र हक्काने कापलाय ते खाली सांगतेच. पण पूर्ण वाचा, कारण साडेपंधराशे रुपये घालवून मला जे कळलं ते तुम्हाला फुकटात मिळतंय.

झालं असं, एप्रिलमध्ये मामा आले होते, म्हणजे माझे मामेसासरे, मालवणचे. दुपारी दोनच्या उन्हात रिक्षातून उतरले, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. मी लगेच कोकम सरबत केलं, घरच्या पाकातलं, वरून भाजलेल्या जिऱ्याची पूड, चिमूटभर सैंधव आणि बर्फाचे चार खडे. मामांनी एक घोट घेतला, ग्लास उजेडात धरून बघितला, परत एक घोट घेतला आणि अगदी शांतपणे म्हणाले, "गो, सरबतात खारो बांगडो घातलंस काय?" आईंना (सासूबाईंना) हसू आवरेना, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि कहर म्हणजे ते बांगडे मामांनीच मागच्या वर्षी अगोटीला, म्हणजे पावसाळ्याआधीच्या साठवणीला, पाठवलेले, तेव्हापासून फ्रीझरच्या मागच्या कोपऱ्यात पडून होते.

आता आमच्याकडे पाण्याची रड आहेच. फेब्रुवारी उजाडला की सोसायटीत टँकर, बाकी वेळ बोअरचं. बादलीला पांढरा थर, गिझरच्या कॉइलला खडूसारखं कवच, आणि बर्फ वितळला की ग्लासच्या तळाशी पांढरी कणी बसते ती वेगळीच. त्यामुळे मी बांगड्याचं मनावरच घेतलं नाही, म्हटलं पाणीच खराब, म्हणून बर्फ पांढरा, म्हणून चव खराब. रात्री दीड वाजेपर्यंत व्हिडिओ बघितले, त्यात सगळे लोक काचेसारखे चौकोनी ठोकळे ग्लासात टाकतायत, टण्ण आवाज येतोय, झालं, केली ऑर्डर.

वस्तू कशी आहे सांगते. बाहेरून जाड फोमचा डबा, आत सिलिकॉनचा साचा, त्यात चार मोठे चौकोन, प्रत्येकाच्या तळाला एक भोक आणि साच्याच्या खाली पाण्यासाठी प्लास्टिकची एक टाकी. डबा वरून उघडा. बस. मोटर नाही, वायर नाही, काही नाही. नवरा म्हणाला, थर्मोकोलच्या डब्याचे साडेपंधराशे? आणि खरं सांगायचं तर तो फार चुकीचं बोलला नाही.

पण आयडिया हुशार आहे हे मान्य करावं लागेल. साध्या ट्रेमध्ये गारठा चारी बाजूंनी येतो, बर्फ बाहेरून आत धरत जातो, आणि पाणी गोठताना त्यातली हवा आणि क्षार स्वतःत घेत नाही, पुढे पुढे ढकलत राहतं, शेवटी हे सगळं मधोमध कोंडतं आणि तिथेच गोठतं. खड्याच्या पोटात जो पांढरा ढग दिसतो ना तो हाच. या डब्यात बाजू आणि तळ फोमने झाकलेले, गारठा फक्त वरून, म्हणजे बर्फ वरून खाली धरत जातो आणि हवा-क्षार भोकातून खालच्या टाकीत जातात. कॅम्पर इंग्लिश नावाच्या एका अमेरिकन माणसाने २००९ मध्ये सहलीला नेतात तो कूलर झाकण काढून फ्रीझरमध्ये ठेवून हे करून दाखवलं, त्यानंतर हे साचे निघाले. तळ्यावरचा बर्फ पण असाच वरून खाली गोठतो, म्हणून स्वच्छ दिसतो. १८३३ साली बॉस्टनहून जहाज भरून कलकत्त्याला जो बर्फ आला तो असा तळ्यांमधून कापलेलाच होता. म्हणजे साहेबाच्या ग्लासात अमेरिकेचं तळं, आमच्या ग्लासात मालवणचा बांगडा, असो.

पहिला घाणा लावला तो आरओच्या पाण्याचा. रात्री नऊला ठेवला, त्यासाठी मटारच्या दोन पिशव्या आणि चिरंजीवांचं आईस्क्रीम खालच्या खणात हलवावं लागलं कारण हा डबा अख्खा कप्पा खातो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला काढला. खालच्या टाकीत अजून थोडं पाणी होतं, ते ओतून दिलं, साचा उलटा करून दाबला आणि चार ठोकळे बाहेर. मी खोटं बोलत नाही, एक ठोकळा पेपरवर ठेवला तर त्याच्यातून खालचं राशिभविष्य वाचता येत होतं (कुंभ, अनावश्यक खर्च टाळा). सगळ्यांनी फोटो काढले. एक टीप, फ्रीझरमधून काढल्या काढल्या त्यावर सरबत ओतू नका, कट्ट आवाज होऊन आत तडे जातात आणि सगळी शोभा जाते, पाच-सात मिनिटं बाहेर ठेवा, वरची भुरकट झाक जाऊन ओलसर चमक आली की मग ओता.

मग सरबत केलं. घोट घेतला.

बांगडा! आणि आधीपेक्षा जास्तच.

दहा मिनिटं मी नुसती त्या ग्लासाकडे बघत बसले. मग डोक्यात प्रकाश पडला, आणि ही गोष्ट कुठल्याच व्हिडिओत कोणी सांगत नाही म्हणून नीट लिहितेय. हा डबा वरून उघडा असावाच लागतो, नाहीतर वरून गारठा लागणार कसा. म्हणजे वीस तास ते पाणी फ्रीझरच्या हवेत उघडं पडलेलं. आणि आमचा फ्रीज फ्रॉस्ट-फ्री, साधा डबल डोअर, त्यात एकच पंखा वरची हवा खाली आणि खालची वर फिरवत असतो, त्यामुळे खालच्या फ्रीजमधला अर्धा कापलेला कांदा, आल्या-लसणाची वाटी, परवाची आमटी, या सगळ्यांचा वास वर जातो आणि तो वास पाणी पण ओढतं, बर्फ पण ओढतो. दिसायला काच, आणि वास मासळीबाजाराचा.

नवरा इंजिनीअर आहे. तो म्हणाला एका वेळी एकच गोष्ट बदल, मग कळेल. म्हणून दुसऱ्या दिवशी फ्रीजबरोबर आलेले जुने प्लास्टिकचे दोन ट्रे घेतले, दोन्हीत तेच आरओचं पाणी, एक उघडा ठेवला आणि दुसरा घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवला. शेजारी मोल्ड होताच. सकाळी तिन्हींचा बर्फ वेगवेगळ्या वाट्यांत वितळू दिला आणि आईंना सांगितलं नुसतं पाणी पिऊन सांगा. मालवणच्या आहेत, नाक तेज. पहिली वाटी (उघडा ट्रे) नाकाजवळ नेली आणि खाली ठेवली, प्यायल्या पण नाहीत. मोल्डची वाटी, "हेका पण येता." डब्यातल्या ट्रेची वाटी प्यायल्या आणि म्हणाल्या, "ह्या पाणी." झाला निकाल. जुनाच ट्रे, फक्त झाकण, खर्च शून्य.

मग रविवारी फ्रीझर उपसला. काय काय निघालं ते सांगायला लाज वाटते, गणपतीतले उकडीचे मोदक, दोन वेगवेगळ्या वर्षांचं खवलेलं खोबरं, एक पुडी ज्यात काय आहे हे कोणालाच आठवेना, आणि ते बांगडे, तीन कॅरीबॅगांत गुंडाळलेले. पातळ कॅरीबॅगने वास अडत नाही हो, तीन काय सहा गुंडाळा. ते आता रबराची रिंग असलेल्या काचेच्या बरणीत आणि ती बरणी स्टीलच्या डब्यात. सगळे खण खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसले, आईंनी एका वाटीत लोणारी कोळसा ठेवला, त्याने थोडाफार फरक पडला असेल पण खरं काम बरणीने केलं. जुना बर्फ सगळा सिंकमध्ये, त्याचा मोह धरायचा नाही, एकदा वास धरला की तो बर्फ वितळून परत लावला तरी वास जात नाही. त्यानंतर मोल्डमध्ये जो घाणा लावला त्याला कसलीच चव नव्हती. बर्फाला चवच नाही याचा इतका आनंद होईल असं वाटलं नव्हतं.

आता पाण्याकडे येऊ, कारण पाणी काही अगदीच निर्दोष नाहीये. पेनसारखा टीडीएस मीटर घेतला, लिटरभर पाण्यात किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत ते दाखवणारा (हे अजून एक खूळ लागलं मला). नळाचं पाणी सातशेच्या घरात, आरओचं साठ-सत्तर. भारतीय मानकात, ते आयएस १०५०० वालं, पिण्याच्या पाण्याला लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगलं म्हटलंय आणि दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्या असं आहे, म्हणजे सातशे काही विष नाही, पण बर्फात ते कळतं. नळाच्या पाण्याचा बर्फ जिभेवर जरा खारट-तुरट लागतो आणि ती पांढरी कणी उरते.

पाणी दोनदा उकळलं की बर्फ काचेसारखा होतो असं सगळीकडे लिहिलेलं असतं. मी केलं. होत नाही. मधला ढग थोडा लहान झाला एवढंच, कारण उकळून हवा थोडी जाते पण गार होताना पाणी परत हवा ओढतं, आणि ट्रेमध्ये गारठा चारी बाजूंनी येतोय तोपर्यंत जे उरलंय ते मधे कोंडणारच. पण चवीत मात्र फरक पडला आणि चांगला पडला. पातेल्याच्या तळाला पांढरा थर बसला, म्हणजे जो क्षार उकळल्यावर खाली बसतो तो बसला, वरचं पाणी न ढवळता अलगद दुसऱ्या भांड्यात ओतलं आणि त्याचा बर्फ लावला, कणी जवळपास गायब. सगळे क्षार उकळून जात नाहीत, मीटरवर आकडा थोडा उतरला फक्त, पण आरओ नसेल तर हे कराच. माझी बहीण ठाण्यात राहते, तिच्याकडे पाणी गोड पण क्लोरीनचा वास, तिला सांगितलं की पसरट पातेल्यात रात्रभर जाळी झाकून ठेव नाहीतर उकळ, तिचं काम तेवढ्यावर झालं.

आणि गंमत म्हणून नळाचं सातशेवालं पाणी पण मोल्डमध्ये लावून बघितलं. वरचा बर्फ बऱ्यापैकी नितळ निघाला, आणि खालच्या टाकीत उरलेल्या पाण्यात मीटर घातला तर आकडा हजाराच्या वर! जिभेला लावलं तर खारट. म्हणजे डबा जे सांगतो ते खरंच करतो, त्याबद्दल पूर्ण मार्क.

मग दुसरा स्टार कशाचा कापला? ऐका. मे महिन्यात शनिवार-रविवार आम्ही गावाला गेलो आणि मी मूर्खासारखा डबा लावूनच गेले. खालचं पाणी गोठायच्या आत डबा बाहेर काढायचा असतो, ते राहिलं, सगळं गोठलं. पाणी गोठलं की साधारण नऊ टक्के फुगतं, त्याला जायला जागा नाही, खालची टाकी कोपऱ्यातून तडकली. चूक माझी, मान्य. पण ही सूचना माहितीपत्रकात मुंगीएवढ्या अक्षरात शेवटच्या ओळीत आहे, आणि ज्याने विकलं त्याने "युजर हँडलिंग" एवढं एक उत्तर देऊन विषय संपवला, नुसती टाकी वेगळी विकत मिळेल का विचारलं त्याला तर उत्तरच नाही. साडेपंधराशेच्या वस्तूत पाण्याला फुगायला बोटभर जागा ठेवता येत नाही? सध्या एम-सीलवर चाललंय.

अजून एक गैरसमज, क्लिअर बर्फ वितळत नाही म्हणे. वितळतो हो. हळू वितळतो कारण ठोकळा मोठा असतो, छोट्या खड्यांना मिळून जास्त पृष्ठभाग असतो म्हणून ते पटकन विरघळतात, नितळपणाचा त्यात फारसा हात नाही. मोठ्या वाटीत साधा पांढरा बर्फ लावलात तरी तो तितकाच टिकेल.

रोजच्यासाठी मग मी झाकणवाला सिलिकॉन ट्रे घेतला, साडेतीनशेचा. त्याचं छोटंसं सांगते कारण तो पण बघणारे बरेच असतील. पहिले दोन घाणे फेकून द्या, नव्या रबरासारखा वास येतो. आणि सिलिकॉन स्वतः वास धरतो हे लक्षात ठेवा, आमच्या मावशींनी लिंबाच्या वासाच्या साबणाने घासला तर आठवडाभर बर्फाला भांड्यांच्या साबणाची चव. सोड्याच्या गरम पाण्यात बुडवला, फरक नाही, शेवटी झाकण बाजूला काढून (ते प्लास्टिकचं असतं, नाहीतर वितळेल) नुसता सिलिकॉनचा भाग ओव्हनमध्ये १८० वर तासभर ठेवला, तेव्हा गेला. आधी त्याला किती ताप चालतो ते खोक्यावर बघा. पांढरी भुकटी चढली की लिंबू चोळून अर्धा तास ठेवायचं, निघते. आणि झाकण फक्त वर टेकतं, घट्ट बसत नाही, म्हणून मी तो ट्रेच स्टीलच्या डब्यात ठेवते. मग झाकणाचे पैसे कशाला दिले असं विचारू नका.

आईंचा जुना अॅल्युमिनियमचा ट्रे पण माळ्यावरून काढला, तो दांडी वर ओढली की कर्रर्र करून खडे सुटणारा. खरं सांगू, वासाच्या बाबतीत तो सगळ्यांचा बाप. धातू वास धरत नाही, धुतला की कोरा, आणि अॅल्युमिनियम उष्णता पटकन सोडतं म्हणून बर्फही लवकर धरतो. पण ओल्या हाताने धरलात तर बोटं चिकटतात, आणि कोकम, लिंबू, पन्हं असलं आंबट काही त्यात लावायचं नाही, आंबट आणि अॅल्युमिनियम जमत नाही. ते सिलिकॉनमध्ये लावा. कोकम सरबताचेच खडे लावले तर सरबत शेवटपर्यंत पातळ होत नाही, पाहुण्यांना फार आवडतं, मात्र ट्रे कायमचा गुलाबी होतो.

खडे धरले की लगेच काढून घट्ट डब्यात भरायचे हे आता घरात सगळ्यांना पाठ झालंय. ट्रेमध्ये तसेच ठेवले तर वासाचं जाऊ द्या, ते आटतात पण. महिन्याने बघा, खडा चण्याएवढा झालेला असतो, कारण बर्फ न वितळता थेट हवेत उडून जातो, त्यात फ्रॉस्ट-फ्रीचा हीटर अधूनमधून चालू होतो, तो हे काम अजून वाढवतो. दोन आठवड्यांपेक्षा जुना बर्फ मी झाडांना घालते.

एवढा उपद्व्याप कशाला, बर्फाची पिशवी आणता येत नाही का असं शेजारच्या काकू म्हणाल्या. चिरंजीवांना दोन वर्षांपूर्वी कावीळ झाली तेव्हापासून बाहेरचा बर्फ बंद आहे, गोळा पण घरीच. २०१८ पासून महाराष्ट्रात खायचा नसलेला बर्फ निळा करायचा नियम आहे, मासे वगैरे ठेवायला जो वापरतात तो, पण गाडीवर किसलेल्या बर्फावर एकदा कालाखट्टा ओतला की त्याखाली निळं होतं का पांढरं हे कोण सांगणार.

या सगळ्यात जी एक गोष्ट मी परत परत करणार ती मोल्डमधली नाहीच. माठात वाळ्याची जुडी टाकून ठेवतो ना आपण, ते पाणी गाळून अॅल्युमिनियमच्या ट्रेमध्ये लावलं. नुसत्या थंड पाण्याच्या ग्लासात दोन खडे टाकायचे. खडा विरघळत जातो तसा वाळ्याचा वास हळूहळू वर येतो, पहिल्या घोटाला नाही, तिसऱ्या-चौथ्या घोटाला, पहिल्या पावसाच्या मातीसारखा. फ्रीझरला वास नसेल तरच हे कळतं, नाहीतर एवढा नाजूक वास कुठे टिकायला.

मग मोल्ड घ्यायचा का? घरी पाहुणे खूप, फोटोची हौस, फ्रीझरमध्ये एक कप्पा मोकळा आणि मासे-मटण वेगळ्या फ्रीजमध्ये असेल तर घ्या. नाहीतर आधी एक घट्ट झाकणाचा डबा घ्या आणि मागच्या कोपऱ्यात काय पडलंय ते बघा. मी आता महिन्यातून एखाद वेळी लावते, कोणी येणार असेल तर.

मामांचा परवाच फोन होता, येत्या महिन्यात येतायत. "येताना बांगडे हाडू काय?" आईंनी फोनवरच सांगितलं, हाड, पण बरणीत घालून हाड.

बाकी डिलिव्हरी वेळेत आली, खोकं एका कोपऱ्यात चेपलेलं होतं पण आत सगळं ठीक. सोबत साचा धुवायला एक छोटा ब्रश देतात, तो तळाच्या भोकात जात नाही.